दगडावर लिहिलेला वाटा



ग्रीसहून परत आल्यापासून बैठकीला गेलं की मला तीन प्रश्न ठरलेले. बोट लागली का? खायला काय मिळालं? आणि एवढ्या लांब जाऊन पडके दगडच बघून आलीस का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन देते, कारण आजचा वेळ मला तिसऱ्या प्रश्नाला द्यायचा आहे.

बोट लागली नाही. जहाज एवढं मोठं असतं की आपण पाण्यावर आहोत की एखाद्या मोठ्या लॉजवर, तेच कळत नाही. एका रात्री वारा सुटला तेव्हा ताटातली वाटी जरा सरकायला लागली, तेवढंच. खायचं म्हणाल तर शाकाहारी माणूस ग्रीसमध्ये उपाशी राहत नाही. त्यांच्या धर्मातही उपासाचे दिवस पुष्कळ. त्या दिवसांत मांस, दूध, अंडी चालत नाही, म्हणून कडधान्यं आणि पालेभाज्या करायची त्या बायकांना चांगली सवय आहे. सांतोरिनी नावाच्या बेटावर पिवळ्या डाळीचं घट्ट वरण मिळतं, त्याला ते फावा म्हणतात. वरून चिरलेला कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. लसणाची फोडणी असती तर मी दोनदा मागून घेतलं असतं.

सहल काढली माझ्या लेकीनं. ती जर्मनीत नोकरीला आहे, पैसेही तिनंच भरले. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर बारा वर्षं गटाचे हिशेब लिहिणारी बाई जहाजावर कशी गेली याची चर्चा व्हायची. क्रूझ म्हणजे काय, तर रात्री जहाज चालतं आणि सकाळी एखाद्या बंदराला लागतं. तुम्ही उतरायचं, बसमध्ये बसायचं, पडकी देवळं, वाडे, संग्रहालय बघायचं आणि ठरलेल्या वेळेच्या आत परत यायचं. जहाजाच्या बसनं गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःचं स्वतः गेलात तर थांबत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता दगड. पहिल्याच दिवशी माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. गाईडचा हात वर जातो तो देवळाच्या खांबाकडं, राजाच्या आसनाकडं, लढाईच्या चित्राकडं. सगळे तिकडं माना वळवतात, फोटो काढतात. आणि खाली कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात आपल्या घरातल्या वस्तू मांडलेल्या असतात. धान्य रगडायचा दगड. तीन पायांचं मातीचं भांडं, चुलीवर नीट बसावं म्हणून. टकळीच्या खालची चकती. आणि भोक पाडलेले मातीचे गोळे, पेढ्याएवढे, लिंबाएवढे, शेकड्यांनी. हे गोळे कशाचे म्हणून मी लेकीला विचारायला लावलं. तर त्या काळी तिथला माग उभा असायचा. वरच्या दांडीला सूत बांधायचं आणि ते ताणून राहावं म्हणून खाली हे गोळे टांगायचे. लाकडाचा माग कुजून गेला, सूत गेलं, कापड गेलं. गोळे राहिले. मग पुढं प्रत्येक ठिकाणी मी आधी कपाटं बघायला लागले आणि राजे नंतर.

एक बेट आहे डीलोस नावाचं. मिकोनोसच्या बंदरातून छोट्या बोटीनं अर्ध्या तासावर. झाड म्हणावं असं फारसं नाही, नुसते संगमरवरी तुकडे आणि त्यांतून हिंडणारी मांजरं. एके काळी हे मोठं तीर्थ होतं आणि मोठी बाजारपेठही. त्यांची कथा अशी. लेटो नावाची देवी गरोदर होती. सवतीच्या रागाच्या भीतीनं तिला बाळंतपणाला कुणीच जागा देईना. या उजाड बेटानं दिली. तिथं अपोलो जन्मला, म्हणून बेट पवित्र झालं. आणि मग काय व्हावं? इसवी सनापूर्वी ४२६ साली अथेन्सच्या लोकांनी बेट शुद्ध करायचं ठरवलं. जुनी थडगी उकरून हाडं हलवली आणि नियम केला की इथं कुणी मरायचं नाही आणि कुणी बाळंत व्हायचं नाही. दिवस भरत आलेल्या बाईला होडीत घालून समोरच्या रिनिया बेटावर न्यायचं. अडलेल्या बाईला आसरा दिला म्हणून जे बेट पवित्र झालं, तिथंच बाळंतिणीचा विटाळ! बसमधल्या गोऱ्या बायकांना फार नवल वाटलं. मला वाटलं नाही. आपल्यातल्या चाळिशीच्या पुढच्या कुणालाच वाटणार नाही.

त्याच बेटावर एका घराच्या अंगणात नवराबायकोचे दोन पुतळे उभे आहेत. मूळचे आता आत जपून ठेवलेत, अंगणात त्यांच्या प्रती आहेत. दोघांची डोकी तुटलेली. बाईचं नाव क्लिओपात्रा, पण ही ती मिसरची राणी नव्हे, साधी गृहिणी. खाली दगडावर कोरलंय की नवऱ्यानं देवाला चांदीच्या दोन तिवया दिल्या, म्हणून क्लिओपात्रानं त्याचा पुतळा उभा केला. दान त्याचं, पण पुतळा कुणी उभारला ते लिहून ठेवायला बाई विसरली नाही. चेहरा गेला, नाव टिकलं.

सांतोरिनीबद्दल सगळे निळ्या घुमटांचं आणि पांढऱ्या घरांचं सांगतात. ते छानच आहे, पण गर्दी इतकी की यात्रेची आठवण यावी. मला अक्रोतिरी आवडलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या ज्वालामुखीनं हे अख्खं गाव राखेत गाडलं. १९६७ साली खोदायला सुरुवात झाली. आता वर मोठं छप्पर आहे आणि आपण लाकडी फळ्यांच्या वाटेनं जुन्या गल्ल्यांच्या कडेकडेनं चालतो. दोन-तीन मजली घरं, सांडपाण्याच्या मोऱ्या, वरच्या मजल्यावर संडास, त्याची नळी भिंतीतून खाली गटारात. साडेतीन हजार वर्षांपूर्वी, मैत्रिणींनो! राखेत दबलेली माणसं मात्र तिथं सापडली नाहीत. आधी भूकंप झाले, त्यामुळं लोक सावध होऊन निघून गेले असावेत. जाताना रांजण तिथंच राहिले, कोठारात ओळीनं उभे आहेत.

त्या गावातल्या एका घराच्या भिंतीवर बायकांची चित्रं होती. डोंगरात केशराची फुलं तोडणाऱ्या बाया आणि मुली, हातात टोपल्या. एक मुलगी खडकावर बसलीय, तिच्या पायातून रक्त येतंय आणि तिनं कपाळाला हात लावलाय. गाईडनं फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं, ही तर आपल्या शेतातली. काटा मोडल्यावर बांधावर बसून आपण दुसरं काय करतो?

आता क्रीटकडं येते. हे त्यांचं सगळ्यात मोठं बेट. जहाज सकाळी हेराक्लिओनच्या बंदराला लागलं आणि संध्याकाळी सहाला सुटणार होतं. शहराजवळ क्नॉसॉसचा राजवाडा आहे. तिथलेच एक गृहस्थ, मिनोस कालोकेरिनोस, यांनी १८७८ साली पहिल्यांदा तिथं खोदून रांजण बाहेर काढले. नाव मात्र झालं आर्थर इव्हान्स या इंग्रजाचं. त्यानं १९०० पासून मोठं खोदकाम केलं आणि पडलेला वाडा जागोजाग सिमेंटनं पुन्हा उभा केला, खांबांना लाल रंग दिला. मला ते काही रुचलं नाही. आपल्याकडं जुन्या दगडी देवळाला ऑइलपेंट फासतात ना, तसं वाटलं. रांजण मात्र खरे आहेत. माणसापेक्षा उंच. धान्य, तेल, दारू साठवायचे.

वाड्यात आणि हेराक्लिओनच्या संग्रहालयात मला जे बघायचं होतं ते म्हणजे हिशेबाच्या वह्या. वह्या म्हणजे मातीच्या वड्या, काही तळहाताएवढ्या, काही लांबट पानासारख्या. ओल्या मातीवर काडीनं लिहायचं आणि वाळवून ठेवायचं. जपून ठेवायच्या नव्हत्याच त्या, पण वाड्याला आग लागली आणि वड्या भाजून विटेसारख्या पक्क्या झाल्या. ज्या आगीनं राजाचं सगळं नेलं, तिनं कारकुनाचं रजिस्टर राखलं! काय लिहिलंय त्यात? राजाच्या लढाया नाहीत. मेंढ्या किती, लोकर किती आली, किती यायची राहिली. आणि कापड विणणाऱ्या बायका. एक छोटी आकृती काढलेली, घागरा घातलेली बाई. पुढं आकडा. मग तिच्या सोबतच्या मुली किती, मुलगे किती. गटाच्या रजिस्टरात आपण उपस्थितीचे आकडे टाकतो तसं. पण एक फरक आहे. आपल्या रजिस्टरात बाईचं नाव असतं आणि पुढं तिची सही असते. तिथं बहुतेक नुसता आकडा.

हे लिखाण वाचता कुणाला येत होतं? पन्नास वर्षं कुणालाच नाही. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज तरुणानं ते उलगडलं आणि जगभर त्याचं कौतुक झालं, ते योग्यच आहे. पण त्याच्या आधी अमेरिकेत ॲलिस कोबर नावाची एक प्राध्यापक बाई दिवसभर कॉलेजात शिकवायची आणि रात्री बसून या खुणा एकमेकींशी ताडून बघायची. युद्धामुळं कागद मिळेना, तर जुनी शुभेच्छापत्रं, पत्रकं, मिळेल तो कागद कापून तिनं हजारो चिठ्ठ्या केल्या आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवल्या. शब्दांची शेपटं कशी बदलतात ते तिनं शोधलं आणि पुढचा रस्ता त्यावरून गेला. १९५० साली ती वारली, उलगडा व्हायच्या दोन वर्षं आधी. संग्रहालयात त्या वड्यांपुढं उभं राहाल तेव्हा या बाईची आठवण काढा.

आमची क्रीटची गाईड पन्नाशीतली बाई होती, दणकट, उन्हानं रापलेली, जन्म तिथलाच. मी लेकीकरवी तिला विचारलं, या देशात बायकांच्या नावावर जमीन होती का? ती हसली. म्हणाली, असं आजवर कुणी विचारलं नाही, सगळे विचारतात संडास कुठं आहे. मग तिनं सांगितलं की गोर्तिनला जा. दक्षिणेला साधारण पंचेचाळीस किलोमीटर. तिथं त्यांचा कायदा दगडावर लिहिलेला आहे.

जहाजाची बस गोर्तिनला जात नव्हती. टॅक्सी करायची म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर. घड्याळात साडेबारा. लेक म्हणाली, "आई, उशीर झाला तर बोट जाईल. मग पुढच्या बंदरापर्यंत विमानाचा खर्च." मी म्हटलं, "तासाभराची वाट आहे, तासभर थांबू, चारला परत. आणि तू काय मला राजाचा सिमेंटचा खांब दाखवायला आणलंस?" निघालो.

वाट डोंगरातून, दोन्ही बाजूंनी ऑलिव्हची झाडं आणि द्राक्षाचे मळे. खाली सपाट काळीभोर जमीन लागली तेव्हा बरं वाटलं. गोर्तिन म्हणजे शेतात पसरलेलं जुनं शहर. बुंध्यात दोन माणसं बसतील अशी जुनाट ऑलिव्हची झाडं आहेत तिथं. एक पडकं चर्च, त्याच्या मागं अर्धगोल बसायच्या पायऱ्यांचं छोटं नाट्यगृह, रोमन काळातलं. आणि त्याच्या पाठीमागं विटांच्या कमानीखाली, जाळीच्या आत, ती भिंत. माणसाच्या उंचीची. मोठमोठे चिरे एकमेकांना बसवलेले आणि त्यावर अक्षरंच अक्षरं. बारा रकाने, सहाशेच्या आसपास ओळी. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. रोमन लोकांनी नाट्यगृह बांधताना जुने चिरे उचलून इथं लावले. पुढं ते मातीखाली गेले, त्यावरून पाणचक्कीचा पाट वाहायला लागला. १८८४ साली फेदेरिको हाल्बहेर या इटालियन अभ्यासकाला त्या पाटाच्या पाण्यात ही अक्षरं दिसली.

आता गंमत ऐका. ही भिंत वाचायची कशी? पहिली ओळ उजवीकडून डावीकडं. दुसरी डावीकडून उजवीकडं. तिसरी पुन्हा उलटी. ओळ उलटी तशी अक्षरंही उलटी, आरशात दिसतात तशी. ग्रीक भाषेत या लिहिण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थच "बैल वळतो तसं". नांगराचा बैल तासाच्या टोकाला गेला की फिरतो आणि शेजारचं तास धरून परत येतो. शेतकऱ्याला मोकळ्या हातानं परत यायला परवडत नाही! शाळेत शिकलेल्यांना हे अवघड जातं म्हणे. मला बघताक्षणी कळलं.

लेकीनं मोबाइलवर त्या कायद्याचं इंग्रजी भाषांतर काढलं आणि तिथंच जाळीपुढं उभी राहून मला मराठीत सांगत गेली. मी वहीत लिहून घेतलं. त्यातलं मोजकं सांगते.

नवराबायको वेगळे झाले तर बाईनं लग्नात स्वतःचं म्हणून जे आणलं असेल ते तिचं तिनं परत न्यायचं. तिच्या मालमत्तेतून जे पीक आलं असेल त्यातलं अर्धं तिचं. आणि पुढं लिहिलंय, घरात तिनं जे विणलं असेल त्यातलं अर्धं तिचं. वेगळं व्हायला नवरा कारण असेल तर त्यानं वर पाच नाणी द्यायची. तो म्हणाला मी कारण नाही, तर न्यायाधीशानं शपथ घेऊन ठरवायचं.

मी लेकीला म्हटलं, ते विणण्याचं पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. जिनं विणलं, तिचं अर्धं.

मैत्रिणींनो, मघाशी ते मातीचे गोळे सांगितले ना, मागाला टांगायचे? हजारो बायकांनी आयुष्यभर घरात बसून सूत काढलं, विणलं. त्या कामाला किंमत आहे आणि ती मोजून देता येते, हे कुणीतरी दगडावर लिहिलं होतं. आपल्या गटातली एक बाई, नाव घेत नाही, ती आत्ता ऐकत असेल. बावीस वर्षं संसार झाला. तिच्या शिलाईच्या पैशातून घरावर पत्रा आला, मोटर आली. बाहेर पडायची वेळ आली तेव्हा अंगावरच्या साडीनिशी निघाली, शिलाई मशीनसुद्धा तिला मिळालं नाही. बैठकीत आपण सगळ्या हळहळलो आणि एक जण म्हणाली, आता काय, घर त्याचं, वस्तू त्याच्या. मला गोर्तिनच्या भिंतीपुढं तेच वाक्य आठवलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात कुणी असं म्हणालं असतं तर त्याला भिंतीपुढं आणून उभं केलं असतं.

आणखी एक कलम. बायकोची मालमत्ता नवऱ्यानं विकायची नाही, गहाण टाकायची नाही. आईची मुलानं विकायची नाही. विकलीच, तर मालमत्ता बाईचीच राहणार आणि विकणाऱ्यानं ज्याला विकली त्याला दुप्पट भरायचं. म्हणजे घेणाराही दहा वेळा विचार करणार.

वारसाचं असं. बाप गेला की गावातलं घर आणि गुरं-मेंढरं मुलांकडं. बाकीच्या मालमत्तेत मुलाला दोन वाटे, मुलीला एक. लेक म्हणाली, "म्हणजे अर्धाच." हो, अर्धाच. तिला ते कमी वाटलं याचा मला आनंद झाला. आपल्याकडं २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, पूर्ण. कागदावर आपण गोर्तिनच्या पुढं आहोत. आणि मग राखीपौर्णिमेच्या आधी भाऊ गाडी घेऊन येतो, तालुक्याला नेतो, हक्कसोडपत्रावर सही घेतो, साडी घेतो आणि आणून सोडतो. याबद्दल वकीलताईंचं भाषण मागच्या अंकात आलंय, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी वाचा. मी पुन्हा सांगत बसत नाही.

गोर्तिन म्हणजे काही स्वर्ग नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्याच भिंतीवर गुलामांचे नियम आहेत. स्वतंत्र घरातल्या बाईवर जबरदस्ती केली तर दंड मोठा, गुलाम बाईवर केली तर अगदी थोडा. भाऊ नसलेल्या मुलीला बापाची मालमत्ता मिळायची, पण तिनं चुलत्याशी लग्न करायचं, जमीन घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून. नकार द्यायची सोय होती, पण मग मालमत्तेचा मोठा हिस्सा सोडावा लागायचा. जमिनीपायी मुलीचं लग्न ठरवणं हे सगळीकडचं जुनं दुखणं दिसतं.

परतीच्या वाटेत लेकीनं एक गोष्ट शोधून सांगितली. ग्रीसमध्ये हुंड्याची पद्धत कायद्यातून काढून टाकली ती १९८३ साली. आपला हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. बावीस वर्षं आधी! यावर आम्ही दोघी टॅक्सीत काहीच बोललो नाही. बंदरात पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

शेवटचा मुक्काम अथेन्स. तिथं टेकडीवर पार्थेनॉन आहे, इसवी सनापूर्वी ४४७ साली बांधायला घेतलेलं, अथीना देवीचं देऊळ. फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ऊन फार, सावली नाही आणि दगड पाऊल पडून गुळगुळीत झालेत, रबरी तळाची चप्पल घालून जा. त्याच अथेन्समध्ये लोकशाही जन्मली असं पुस्तकात असतं. बाईला त्या लोकशाहीत मत नव्हतं, आणि तिनं स्वतःच्या अधिकारात किती मोठा व्यवहार करावा याला मर्यादा होती ती एका मापाच्या जवाची, म्हणजे साधारण पन्नास लिटर धान्याच्या किमतीएवढी. त्यापुढं नवरा, बाप किंवा भाऊ हवा. आपल्या गटातली कुठलीही बाई पहिल्याच कर्जाला यापेक्षा जास्तीवर सही करते. देवीचं राज्य, नावही देवीचं, आणि बायका पोतंभर जवावर.

पण त्याच देवीला दर वर्षी नवं वस्त्र लागायचं आणि ते बायकांनीच विणायचं. नऊ महिने ते काम चालायचं. देवीलाही विणणारीवाचून चालत नव्हतं.

टेकडीखालच्या संग्रहालयात दगडाच्या पाच बायका आहेत. पार्थेनॉनशेजारच्या देवळाचं छप्पर या बायकांनी डोक्यावर तोललं होतं, खांबांच्या जागी बायका. मूळच्या सहा. एक बाई दोनशे वर्षांपूर्वी लॉर्ड एल्गिन या इंग्रज साहेबानं काढून नेली, ती लंडनच्या संग्रहालयात आहे. पाच जणी उभ्या आहेत आणि सहावीची जागा मोकळी ठेवलीय. पुढून बघू नका, मागं जाऊन त्यांच्या वेण्या बघा. जाड, घट्ट, पाठीवर सोडलेल्या, हातानं मोजता येतील असे पेड. डोक्यावर ओझं असताना मान कशी ताठ ठेवायची हे ज्यानं कोरलं त्यानं पाणी आणणाऱ्या बायका रोज बघितल्या असणार.

आणि एक सांगायचं राहिलं. ग्रीस आपल्याला फार परकं वाटतं, पण इतकंही नाही. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या खोदकामात त्यांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी धातूची मूर्ती सापडली. टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, एसटीनं जाऊन बघता येते. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यांत यवनांची आहेत, म्हणजे आपले लोक ग्रीकांना म्हणत ते. आणि बायकांचीही आहेत. एकवीरेला जाता तेव्हा दर्शन झालं की लगेच खाली उतरू नका. लेण्यात शिरा आणि खांब बघा.

अथेन्सच्या त्या टेकडीवरही अशी दान देणाऱ्यांची नावं सापडली आहेत. मोठ्यामोठ्या घराण्यांची. त्यांत एका दगडावर चारच शब्द आहेत. त्यांचा अर्थ असा, की स्मिकिथी, कपडे धुणारी, हिनं आपल्या कमाईचा दहावा हिस्सा देवीला वाहिला. बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. धुणं धुऊन कमावलं, त्यातून दहावा भाग बाजूला काढला, कोरणाऱ्याला मजुरी दिली आणि स्वतःचं नाव आणि स्वतःचा धंदा दगडावर लिहून घेतला. अडीच हजार वर्षं झाली.

भिंतीचा फोटो आणि वहीत उतरवलेली कलमं गटाच्या कपाटात ठेवली आहेत, ज्यांना बघायची त्यांनी सोमवारी बैठकीला या. कुणाला हक्कसोडीचा कागद आला असेल तर तोही घेऊन या, सही करायच्या आधी. वकीलताई त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत थांबणार आहेत.